कोकणातल्या रस्त्यांसाठी क्रूझर: कोणती घ्यावी आणि काय बघून घ्यावी?

कातळसडा

नमस्कार मंडळी. क्रूझर (सीट खाली, पाय पुढे अशी आरामशीर मोटरसायकल) घ्यायची आहे. वापर असा: रत्नागिरीहून सागरी मार्गाने पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. अधूनमधून उत्तरेकडे गुहागर-दापोली, कधी आंबा किंवा आंबोली घाट चढून वर. दिवसाला दीडशे ते अडीचशे किलोमीटर, त्याच्या वर नाही. बहुतेक वेळा मागे सौ. असेल आणि दोन मुक्कामांचं सामान. पावसाळ्यातही गाडी चालणार. माझी उंची पाच फूट चार इंच.

डोळ्यासमोर रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५०, सुपर मीटिऑर ६५० आणि जुन्या बाजारातली बजाजची अ‍ॅव्हेंजर २२० आहे. मन ६५० कडे ओढ घेतंय. जाणकारांनी कृपया इथल्या रस्त्यांच्या हिशेबाने सांगावं.

---

आंबोली_वळण

कातळसडा, तुमच्या वापराला ३५० पुरते. ६५० वाईट म्हणून नव्हे, तुमचा रस्ता तिचा नाही म्हणून.

आकडे बघा. सुपर मीटिऑर ६५० चं वजन २४१ किलो, जमिनीपासूनची उंची १३५ मिमी, दोन चाकांतलं अंतर १५०० मिमी. मीटिऑर ३५० चं वजन १९१ किलो, उंची १७० मिमी, अंतर १४०० मिमी. वजनातला पन्नास किलोंचा फरक गाडी पळत असताना फारसा जाणवत नाही. तो जाणवतो पाखाडीच्या तोंडाशी गाडी वळवताना, घरासमोरच्या उतारावरून मागे ओढताना आणि समोरून एसटी आली म्हणून साइडपट्टीवर उतरावं लागतं तेव्हा. आपल्याकडे साइडपट्टी म्हणजे लाल माती आणि जांभ्याची खडी. पावसात तिथे पाय घसरला की २४१ किलो, वर सामान, हे सगळं एका पायावर येतं.

उंचीचंही तसंच. गावातले गतिरोधक कुठल्या मापात बसत नाहीत, अरुंद आणि उंच असतात. मागे माणूस आणि सामान असेल तर शॉकअप दबून ही उंची आणखी कमी होते. १३५ मिमीवाली गाडी पोटाला घासायचा धोका असतो. १७० वर तो जवळपास संपतो.

ताकद कमी पडेल का? मीटिऑरचं इंजिन ३४९ सीसी, सुमारे २० बीएचपी, पण टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर) २७ न्यूटन मीटर आणि तोही ४००० आरपीएमलाच. पिस्टनचा व्यास ७२ मिमी आणि स्ट्रोक ८५.८ मिमी, म्हणजे लांब स्ट्रोकचं इंजिन. घाटात दोघं बसून तिसऱ्या गिअरवर ती शांतपणे चढते, सारखा गिअर पाडावा लागत नाही. सपाटीला ८० ते ९० हा तिचा सुखाचा वेग. शंभरच्या वर रेटलीत तर हॅंडल आणि फुटरेस्टवर थरथर वाढते. सागरी मार्गावर तेवढा वेग धरायला जागाच नाही.

---

दर्यावर्दी

आंबोली_वळण यांच्याशी निम्मा सहमत. ज्याला पनवेलहून रत्नागिरी किंवा सावंतवाडी एका दमात गाठायचं आहे त्याच्यासाठी ६५० चं उत्तर वेगळं येतं. ६४८ सीसी, दोन सिलिंडर, ४७ पीएस, सहा गिअर. ताशी १०० ला इंजिन जागं झाल्यासारखंही वाटत नाही. मागे माणूस असताना ट्रकची रांग ओलांडायची तर ३५० ला आधी गिअर पाडून, जागा हेरून, मग निघावं लागतं. ६५० ला नुसतं मनगट पुरतं. हाही सुरक्षिततेचाच मुद्दा आहे.

मात्र कातळसडांनी दिलेल्या मार्गावर हे फायदे वापरायला मिळणार नाहीत, हे मान्य.

शिवाय पैशांचा हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर ४० टक्के झाला. म्हणजे ३४९ सीसी आणि ६४८ सीसी यांच्यातलं अंतर आधीपेक्षा रुंदावलं. त्या फरकात चांगलं सामान, दोन हेल्मेटं, रेनसूट आणि पुढची काही वर्षं सर्व्हिसिंग निघेल.

---

सुरंगी

उंचीबद्दल लिहिते, कारण नुसता सीटच्या उंचीचा आकडा फसवतो.

मीटिऑर ३५० ची सीट ७६५ मिमी, सुपर मीटिऑरची ७४०, अ‍ॅव्हेंजर क्रूझची ७३७. पाच फूट चार इंचाला तिन्हींवर पाय टेकतात. पण क्रूझरची सीट पुढेही रुंद असते. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पाय टेकण्याची जागा बाहेर जाते. म्हणून शोरूममध्ये नेहमीचे जाड तळव्याचे बूट किंवा पावसाळी चपला, जे घालून गाडी चालवता तेच घालून बसा. दोन्ही टाचा टेकल्या पाहिजेत, नुसते चवडे टेकून इथे चालणार नाही. आपल्याकडे रस्त्याची कड बहुतेक ठिकाणी बाहेर उतरती असते, त्यामुळे डावा पाय टेकायला जमीन आणखी एक-दोन इंच खाली मिळते.

दुसरं, फुटरेस्ट. क्रूझरचे फुटरेस्ट पुढे असतात. पाय मोकळे राहतात, गुडघे दुखत नाहीत, हे खरं. पण खड्डा आला की फुटरेस्टवर जोर देऊन अंग उचलता येत नाही. प्रत्येक दणका थेट माकडहाडाला. त्यात मागच्या शॉकअपची हालचाल क्रूझरला कमीच असते. सुपर मीटिऑरला ती १०१ मिमी आहे. संगमेश्वर-लांजा पट्ट्यात जिथे कॉंक्रीटचे जोड आणि डायव्हर्जन आहेत तिथे हे लगेच कळतं. मीटिऑर ३५० चे फुटरेस्ट मध्यम पुढे आहेत, अ‍ॅव्हेंजरचे त्याहून पुढे. कंबर किंवा मणक्याचा त्रास असेल तर अ‍ॅव्हेंजरवर अर्धा तास सलग बसून बघितल्याशिवाय घेऊ नका.

आणि सौ.ना शोरूममध्ये बरोबर न्या. मागची सीट त्यांनी पसंत करायची आहे, तुम्ही नाही. पाठीला टेकू आहे का, फुटरेस्टवर गुडघा किती वाकतो, सायलेन्सरची धग पोटरीला लागते का, साडी किंवा ओढणी असेल तर साडीगार्ड पुरेसा आहे का, हे त्यांना दहा मिनिटांत कळेल.

---

कातळसडा

सुरंगीताई, टाचांचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. आता ६५० बाजूला ठेवतो. राहिल्या मीटिऑर आणि अ‍ॅव्हेंजर. अ‍ॅव्हेंजर १६३ किलो, म्हणजे आणखी हलकी, आणि जुन्या बाजारात निम्म्याहून कमी पैशांत मिळते. ती का नको?

---

दहा_बाराचा_पाना

अ‍ॅव्हेंजर २२० चं इंजिन भक्कम आहे, सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळतात आणि कुठलाही मेकॅनिक ती उघडू शकतो. १९ पीएस आणि १६३ किलो, त्यामुळे पळायलाही कमी नाही. एकट्याने फिरणाऱ्याला मी आजही सुचवीन. तुमच्या वापराला तीन गोष्टी आड येतात.

एक, चाकं. अ‍ॅव्हेंजर क्रूझला तारांची चाकं आणि ट्यूबचे टायर. रस्त्यात पंक्चर झालं तर चाक खोलून, टायर उपसून ट्यूब बाहेर काढावी लागते. आडिवरे ते जैतापूर मध्ये दुपारी दोन वाजता पंक्चरवाला शोधून बघा. ट्यूबलेसमध्ये खिळा दिसला की पक्कडीने ओढायचा, भोक रीमरने साफ करायचं, चिकट दोरी घालायची, छोट्या पंपाने हवा भरायची. चाक खोलावं लागत नाही. शिवाय ट्यूब फुटली की हवा एकदम जाते, ट्यूबलेसची हळूहळू जाते. मागे माणूस असताना हा फरक मोठा आहे. आणि अ‍ॅव्हेंजरचा मागचा टायर १३०/९०-१५. पंधरा इंची टायर प्रत्येक दुकानात नसतो, आधी सांगून मागवावा लागतो.

मीटिऑर घेतानाही हे बघून घ्या. फायरबॉल, स्टेलर, सुपरनोव्हाला अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर, पुढे १००/९०-१९ आणि मागे १४०/७०-१७. ऑरोरा प्रकाराला तारांची चाकं आहेत. दिसायला सुंदर, पण किनाऱ्यावर राहणाऱ्याने अलॉयच घ्यावं. तारांच्या चाकात गंज आधी निपलला (तार रिमला कसणाऱ्या नटाला) धरतो. मग निपल फिरत नाही, चाकाचा आउट (डगमग) काढता येत नाही आणि जोर लावला की तार तुटते.

दोन, ब्रेक. मीटिऑरला पुढे ३०० मिमी आणि मागे २७० मिमी डिस्क, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दोन्ही चाकांना. अ‍ॅव्हेंजरला मागे ड्रम आणि एबीएस फक्त पुढच्या चाकाला, तेही २०१९ पासूनच्या गाड्यांत. त्याआधीच्या गाडीला एबीएसच नाही. शेवाळलेल्या डांबरावर किंवा लाल चिखलाच्या पातळ थरावर मागचं चाक लॉक झालं की गाडी आडवी जाते. सवयीने मागचाच ब्रेक जास्त दाबणारे आपल्याकडे पुष्कळ, म्हणून मागचं एबीएस इथे चैन नाही.

तीन, जुन्या गाडीची तपासणी. त्यावर खाली वेगळं लिहितो.

---

आंबोली_वळण

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर घाट उतरण्याबद्दल. आंबोली, फोंडा, करूळ, कुंभार्ली, कुठलाही घाट असो, जड गाडी घेऊन उतरताना मागचा ब्रेक दाबून ठेवू नका. पॅड तापतात, ब्रेक ऑइल तापतं, त्यात पाणी मिसळलेलं असेल तर त्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा, वेग इंजिनला धरू द्या आणि वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक थोडा वेळ ठामपणे लावून सोडून द्या. लांब स्ट्रोकचं एक सिलिंडर इंजिन इंजिनब्रेकिंगला फार चांगलं.

क्रूझरचं टर्निंगही लक्षात ठेवा. हेअरपिन वळणाला पुढचं चाक लवकर वळवलंत तर गाडी समोरच्या लेनमध्ये जाते. बाहेरून आत या, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवा. फुटरेस्ट टेकून खर्रकन आवाज आला तर तिरकेपणा तिथेच थांबवा.

---

दहा_बाराचा_पाना

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी. कोकणात वापरलेली गाडी बघताना किलोमीटरच्या आकड्यापेक्षा गंज कुठे आहे ते बघा.

हातातली बॅटरी (टॉर्च) घेऊन या, उन्हात उभं राहून चालणार नाही. पेट्रोल टाकीचं झाकण उघडून आत प्रकाश टाका, तांबूस थर दिसला तर टाकी धुवावी लागेल आणि इंजेक्शनची गाडी असेल तर पेट्रोल पंपाचा फिल्टरही गेला समजा. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीवर नखाने चाचपा. बारीक खाचा लागल्या तर त्या ऑइलसील कापणार, नवीन सील टाकूनही महिन्यात तेल गळणार. नळीच बदलावी लागते. सायलेन्सरची खालची बाजू, बेंड पाइपचा जोड, मेन स्टँडचा पाइप, स्विंग आर्मची आतली बाजू, नंबरप्लेटमागचा मडगार्ड: पाणी साचतं ती ठिकाणं ही. सीट काढून वायरिंगचे सॉकेट उघडा. तांब्यावर हिरवा थर आला असेल तर इंडिकेटर, हॉर्न, स्टार्टर पावसाळ्यात एकेक करून दगा देतील.

एमएच ०८ किंवा एमएच ०६ नंबरची २०२१ च्या आधीची गाडी असेल तर जुलै २०२१ च्या चिपळूण-महाडच्या पुरात ती बुडाली होती का ते विचाराच, आणि उत्तरावर विसंबू नका. एअर फिल्टरच्या डब्याच्या कोपऱ्यात, हेडलाइटच्या काचेमागे आणि चाव्यांच्या कुलपात वाळलेली गाळाची भुकटी राहते. विम्याच्या दाव्यांची नोंद मागा.

---

खारी_हवा

नव्या गाडीचंही किनाऱ्यावर हेच होतं, फक्त थोडं उशिरा. कारण मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. पाऊस नसला तरी लोखंडावर सतत ओलावा राहतो. म्हणून आरे-वारे किंवा कुणकेश्वरला किनाऱ्यालगत फिरून आलात की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, गोड्या पाण्याने गाडी धुवा. बादली, मऊ फडकं, गाड्यांचा शाम्पू. वॉशिंग सेंटरची जोराची धार चाकाच्या बेअरिंगवर, चेनवर, सॉकेटवर मारू देऊ नका. ती ग्रीस उडवते आणि त्या जागी पाणी घालते. धुतल्यावर पाच-दहा मिनिटं गाडी फिरवून आणा, म्हणजे डिस्क, चेन आणि सायलेन्सर कोरडे होतात.

क्रोमला कारचं मेणाचं पॉलिश द्या, पावसाळ्याआधी आणि नंतर. गणपतीच्या आधी घर साफ करतो तसं हे धरून ठेवावं. नटबोल्ट, स्टँडच्या स्प्रिंगा, लेगगार्डचे जोड यांना गंजरोधक स्प्रे किंवा ऑइलचं फडकं. डिस्क आणि टायरला यातला थेंबही लागता कामा नये.

बॅटरीच्या टर्मिनलना पेट्रोलियम जेली, वायरिंगच्या सॉकेटना डायइलेक्ट्रिक ग्रीस. ब्रेक कॅलिपरच्या पिना मे महिन्यात काढून सिलिकॉन ग्रीस लावून घ्या. त्या जाम झाल्या की एकाच बाजूचा पॅड झिजतो आणि ब्रेक धरून राहतो. किनारपट्टीवर हा दोष फार आढळतो. ब्रेक ऑइल हवेतून पाणी ओढतं, दोन वर्षांनी बदलाच.

आणखी एक. गाडीवर प्लास्टिकचं कव्हर टाकून पडवीत ठेवू नका. आत वाफ कोंडते आणि गंज दुप्पट वेगाने धरतो. हवा खेळेल असं कापडी कव्हर, तेही गाडी पूर्ण कोरडी झाल्यावर. जास्त दिवस उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी शोषून घेतं. रिकाम्या टाकीत ओल्या हवेला जागा मिळते.

---

कातळसडा

मीटिऑर, अलॉय चाकांची, नक्की. आता दोन प्रश्न राहिले. सामान कसं लावायचं? आणि तरीवर (खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर) गाडी चढवताना काय काळजी घ्यायची? दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड दोन्ही लागणार.

---

बाणकोट_खाडी

तरीबद्दल सांगतो. वेश्वी-बागमांडले आणि आगरदांडा-दिघीलाही हेच लागू.

भरती-ओहोटी बघून जा. ओहोटीला धक्क्याचा खालचा भाग उघडा पडतो, तिथे शेवाळ असतं आणि तरीवर चढायच्या फळीचा उतारही वाढतो. फळी ओल्या लोखंडाची. मागच्या व्यक्तीला आधी उतरवून चालत पाठवा. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, एकसारखा थोडा रेस, हॅंडल अगदी सरळ. फळीवर पुढचा ब्रेक नाही, क्लच दाबायचा नाही, वळायचं नाही. वेग कमी करायचा तर रेस सोडा, बस. समोरची गाडी आत जाऊन थांबल्याशिवाय फळीवर चाक ठेवू नका, कारण अर्ध्यात थांबणं हाच खरा धोका.

आत गेल्यावर इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, साइडस्टँडवर, पुढच्या ब्रेकच्या लिव्हरला रबरी पट्टा आवळून टाका. मेन स्टँडवर लावू नका, लाटेने ती पुढे ढकलली जाऊ शकते. गाडीजवळच उभं राहा. खारं पाणी उडालं असेल तर मुक्कामी पोचल्यावर चार तांबे गोडं पाणी ओता.

---

आंबोली_वळण

सामान: दोघांचं मिळून पंधरा किलोंच्या आत बसवा. जड वस्तू खाली आणि पुढे. दोन्ही बाजूंना सॅडलबॅग लावणार असाल तर आधी लोखंडी सॅडलस्टे बसवून घ्या. स्टे नसेल तर बॅग आत झुकून टायरला किंवा सायलेन्सरला लागते. एक घासून फाटते, दुसरी वितळते. इंडिकेटर झाकला जात नाही ना तेही बघा. मागच्या कॅरिअरवर तोंड गुंडाळायची जलरोधक पिशवी, दोन पट्ट्यांनी आवळलेली. हुकाचे लवचिक दोर एकटे वापरू नका, हुक निसटला की दोर चाकात जातो.

सामान आणि माणूस असताना मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) वाढवा. मीटिऑरला सहा टप्पे आहेत, टूलकिटमधल्या पान्याने फिरतात, दोन्ही बाजूंना सारखेच ठेवायचे. प्रीलोड न वाढवता गेलात तर गाडी मागे बसते, हेडलाइट झाडांवर पडतो आणि हॅंडल हलकं लागतं. हवेचा दाबही दोघांसाठीचा वेगळा असतो; तो आकडा पुस्तिकेत असतो, सकाळी टायर थंड असताना तेवढा भरा.

पुढे वारा अडवणारी काच लावणार असाल तर तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या दोन-तीन इंच खाली हवी. पावसात आणि खाऱ्या हवेत काचेतून दिसत नाही, काचेवरून बघावं लागतं.

---

कातळसडा

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी टेस्ट राइड ठरवली आहे. होंडा सीबी ३५० पण एकदा बघू का? एक मित्र तिचाच आग्रह धरतो.

---

सुरंगी

बघा, पण ती क्रूझर नव्हे. सीबी ३५० एच'नेसची सीट ८०० मिमी, वजन १८१ किलो, ३० न्यूटन मीटर टॉर्क ३००० आरपीएमला, मागचं चाक घसरू नये म्हणून ट्रॅक्शन कंट्रोलही आहे. बसण्याची पद्धत ताठ, त्यामुळे खड्ड्यात अंग उचलता येतं. गुणांनी गाडी उत्तम. तुमच्या उंचीला, मागे माणूस असताना, ८०० मिमीवर टाचा टेकणार नाहीत एवढीच अडचण. पाच फूट आठ इंचाच्या पुढच्या कुणी विचारलं असतं तर मी तिलाच आधी बघायला सांगितलं असतं.

---

दहा_बाराचा_पाना

रविवारच्या टेस्ट राइडला शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर चक्कर मारून परत येऊ नका. सौ.ना मागे बसवून निघा. एखादा चढ गाठा, मध्यावर थांबा आणि मागे न सरकता परत निघा. अरुंद रस्त्यावर हॅंडल पूर्ण वळवून पाय न टेकता यूटर्न घ्या. गतिरोधकावरून दोघं बसून अगदी हळू जा आणि खाली लागतंय का ऐका. मग इंजिन बंद करून, उतरून, गाडी चढावर मागे ढकलून बघा, एकट्याने. शेवटची गोष्ट जमली तरच पैसे भरा.

घेतल्यावर पहिली सर्व्हिसिंग ५०० किलोमीटरला असते, ती चुकवू नका; आणि तोवर दोघं बसून घाटात रेटू नका. चेनला एरवी ५०० किलोमीटरला आणि पावसाळ्यात प्रत्येक चिंब भिजण्यानंतर ल्यूब. चेन ओ-रिंगची (कड्यांत रबरी रिंगा असलेली) आहे, त्यामुळे पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही वर्ज्य. मऊ ब्रश आणि चेन क्लीनर, पुसून कोरडी केल्यावर आतल्या बाजूने ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे. रात्री लावा, सकाळी जास्तीचं पुसून टाका. ताण मोजताना चाक फिरवून तीन-चार ठिकाणी बघा, कारण गंजलेली कडी असेल तिथे चेन ताठ लागते.